उन्हाची बाजू

सामना अजून पावणेचारलाच सुरू होतो.
पहिली पाळी साडेतीनला सुटायची, म्हणून.
आता पाळी नाही, गिरणी नाही,
गेटच्या जागी मंगल कार्यालय झालंय,
तरी पंच पावणेचारलाच शिट्टी फुंकतो
आणि भोंगा ऐकल्यासारखी माणसं
तुटक्या कंपाउंडातून आत शिरतात.

मी शेंगा विकते.
वडिलांचीच टोपली, माप तेच, पितळी.
क्लबच्या वहीत गोल असतात, कार्डं असतात,
गर्दी नसते. ती आमच्याकडं असते:
संपलेल्या पुड्या गुणिले तीन.
एका पुडीत तिघं खातात,
सोलापुरात हा हिशेब चुकत नाही.
बासष्टच्या फायनलला अकराशे पुड्या गेल्या.
कागद संपला तेव्हा
लोकांनी टोप्या पुढं केल्या.

ती फायनल रंगखातं हरलं.
नरसय्या गुंडेटीनं पेनल्टी मारली,
बूट नव्हते, पायाच्या नखांत हिरवा रंग,
चेंडू खांबाला लागून परत आला.
खांब तीनदा बदललाय त्यानंतर.
तरी नव्या पोरांना हात धरून नेतात,
तो बघ, तो डाग.
पोरंही म्हणतात, हो, दिसला.

बसायचं ते पूर्वेच्या पायऱ्यांवर,
ऊन थेट डोळ्यांत.
पश्चिमेला चिंचेखाली विणकाम खातं बसायचं,
जागा त्यांनी आधी धरली होती.
रंगखातं म्हणालं,
आठ तास उकळत्या हौदापाशी उभं राहतो आम्ही,
आम्हाला ऊन काय शिकवतो बे?
आणि बसलं.
अजून बसलंय.
नातवंडं डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसतात,
एक तर पुण्याहून येतो, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच.
समोर पत्र्याची शेड आहे, दोनशे खुर्च्या,
नगरसेवकाचं नाव रंगवलेलं,
सावली अशी गार की कुत्री झोपतात.
तिथं कुणी जात नाही.

कोठाडिया नवे सेक्रेटरी.
आकडे बघून चक्रावले:
अकरा वर्षं चषक नाही, आणि ही माणसं?
जिंकल्यावर किती येतील मग!
त्यांनी दिवे लावले, सामना सातला ठेवला,
ढोलताशा, फुकट टीशर्ट.
एकोणीस पुड्या गेल्या त्या रात्री.
बाकीचे पावणेचारलाच येऊन गेले होते.
रिकाम्या मैदानाकडं बघत बसले,
कुणीतरी जुना ऑफसाइड उकरून काढला,
भांडले,
आणि सहाला टॉवेल झटकून घरी गेले.
मला कसं माहीत?
मीही पावणेचारलाच गेले होते.

माझा मुलगा येत नाही.
मध्यरात्री मोबाइलवर परदेशातला सामना बघतो,
तिथल्या कुठल्या हरलेल्या फायनलसाठी
डोळे पुसतो. मी काही बोलत नाही.
कुणाचा खांब कुठं असेल, सांगता येत नाही.

शेडीचं खरं कारण पायऱ्यांवर कुणी सांगत नाही.
संपात, पाचव्या महिन्यात,
विणकाम खात्यातले चाळीस जण
मागच्या दारानं कामावर गेले.
गिरणी दोघांचीही गेली पुढं,
चिंच तोडली, संघ मोडला,
पण त्या बाजूला नवखा कुणी टेकला
की पूर्वेकडून आवाज येतो,
कुठल्या खात्याचा रे तू?
खातं म्हणजे काय ते विचारणाऱ्यालाही
धड माहीत नसतं.

भिंतीबाहेर वीरेश म्हेत्रे स्कूटर लावतो,
सीटवर उभा राहतो,
आत येत नाही.
आजोबा त्या चाळिसांत होते.
हाफटाइमला मी फाटकातून हात काढते,
तो सुटे पैसे मोजून ठेवतो,
विचारतो, आज किती?

मी आकडा सांगते.
त्याला धरून.
सगळ्या पुड्या गुणिले तीन,
आणि ही एक, गुणिले एक.